तपकिरी सीटांचे डॉक्टर

खोली भाड्याने मागायला मी गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. त्याआधी दारव्ह्यात मी बरीच घरं फिरले होते. सगळीकडे या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली की खोली नुकतीच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली निघायची. यांनी फक्त हात दाखव म्हटलं. मला वाटलं, हात पाहून भविष्य सांगणारे असतील. मी उजवा तळवा पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, नखं पाहिली आणि माझ्या बोटांची टोकं स्वतःच्या अंगठ्याने चाचपून बघितली.

"कापूस येचतेस?"

मी खाली बघून हो म्हटलं. कॉलेजात मी हात ओढणीत ठेवायचे. बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांची मला लाज वाटायची.

"बोंडाच्या काट्याले बोट न लावता कापूस काढता येते न?"

"येते."

"मंग रहा. नखं वाढवू नको, अंगठी घालू नको. बाकी तुयं तू पाह्य."

एवढ्यावर मला खोली मिळाली. आमच्या तांड्यातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझ्या याडीला, म्हणजे आईला, मी हे सांगितलं तेव्हा तिला काळजीच वाटली. नखं बघून खोली देणारा माणूस कसला असेल, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला काय सांगावं हे मला कळलं नाही. आज थोडं कळतं, पण ते नीट लिहिता येईल की नाही याची अजूनही खात्री नाही.

ते जनावरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीत जिल्हाभर फिरून शेवटी दारव्ह्याला घर बांधून राहिले. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी, गोल पाठीची पांढरी गाडी उभी असे. बाहेरून ती अगदीच साधी होती, एका दारावर पोपडे निघालेले. पण दार उघडलं की आत तपकिरी चामड्याच्या सीटा होत्या. खरं चामडं, म्हशीचं. गाडी घेतली तेव्हा आत रेग्झीन होतं, आणि उन्हाळ्यात त्यावर बसलं की काकूंना पुरळ यायचं. म्हणून काकांनी नागपूरहून चामडं आणलं आणि गावातल्या सीटवाल्या चाचांकडून सगळ्या सीटा नव्याने शिवून घेतल्या. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. तरी मी पाहिलं तेव्हा त्या चामड्यावर एक चीर नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ऐकून खोटं वाटेल. मलाही पहिल्यांदा ते खरं वाटलं नव्हतं.

गावातले लोक पाठीमागे त्यांना सीटांचे डॉक्टर म्हणायचे. नातेवाइकांना त्यांचं हे वागणं फारसं आवडत नसे. एवढा शिकलेला माणूस बनियनवर बसून चामडं चोळतो, हे त्यांना बरं दिसत नव्हतं. काकांना त्याचं काहीच वाटत नसे. ते म्हणायचे, "चामडं म्हंजे कातडी. जनावर मेलं म्हनून कातडीची तहान मरत नाही."

सीट तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. हाताची पालथी बाजू टेकवायची, तळवा कधीच नाही. तळव्याला कामाची सवय असते, त्याला काहीच समजत नाही असं त्यांचं मत. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. मग डोळे मिटून कान तिरका करायचा आणि सीटवर हलकेच दाब द्यायचा. करकर आवाज आला तर ती कोरडी. मागच्या सीटचा एक कोपरा 'हळवा' होता, तिथे ऊन यायचं. ड्रायव्हरची सीट 'कामकरी' होती. पुढची डावी सीट काकूंची. तिला ते फक्त 'ती' म्हणायचे.

या सगळ्यासाठी त्यांनी बाजारातून कधी बाटली आणली नाही. मेण सोडलं तर जे काही लागायचं ते घरातलंच. आधी दाढीच्या जुन्या ब्रशने शिवणीशिवणीतली धूळ काढायची. ते म्हणायचे की चामडं फाटतं ते शिवणीत बसलेल्या वाळूने, आणि लोक मात्र वरून पुसत बसतात. मग रात्रभर भिजवलेले रिठे कुस्करून फेस काढायचा. पाणी खाली राहू द्यायचं, कापडावर फक्त फेस घ्यायचा. कापड म्हणजे काकूंचं जुनं सुती लुगडं, असंख्य धुण्यांनी मऊ पडलेलं. फेस फिरवला की लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं आणि सावलीत दारं उघडी ठेवायची. उन्हात वाळवणाऱ्या माणसाबद्दल ते जे शब्द वापरत ते इथे लिहिता येणार नाहीत. शेवटी मेण. झरी जामणीच्या दवाखान्यात ते बरीच वर्षं होते. तिथल्या जंगलातल्या गावातून एक कोलाम आदिवासी बाबा अजूनही त्यांना मधाच्या पोळ्याचं मेण पाठवायचे. कधीकाळी काकांनी त्यांची बैलजोडी वाचवली होती. ते मेण गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं, त्यात एरंडेल मिसळायचं आणि गार झाल्यावर बोटाच्या टोकावर येईल तेवढंच घ्यायचं. नखं नकोत ती याचसाठी; पुढे मीही हे काम करू लागले.

"थोडं कमीच लाव," ते मला सांगायचे. "पोट भरून खाल्लेलं जनावर उठत नाही."

खोबरेल तेलाचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. अख्खा दारव्हा सीटला खोबरेल लावतो, मग त्यावर धूळ बसते, मग ते खवट होतं, मग उंदीर येतात आणि मग लोक म्हणतात की चामडं वाईट. दुधाची साय लावणाऱ्यांबद्दल तर ते हळहळायचे. बूटपॉलिश लावणाऱ्यांच्या पँटी बघून हसायचे. खायचा सोडा लावून पांढरे चट्टे पाडून घेतलेला एक जण आला होता, त्याला मात्र त्यांनी चहा दिला. चूक कबूल करायला माणूस लांबून आला आहे, असं म्हणाले.

एकदा सोयाबीनचा एक व्यापारी आपली नवी मोठी गाडी घेऊन आला. त्याच्या मुलाच्या लग्नाची वरात त्यातून निघणार होती आणि त्याला सीटा चमकवून हव्या होत्या. चामड्याच्या आहेत, असं तो फार मोठ्याने सांगत होता. काकांनी हाताची पालथी बाजू टेकवली. वास घेतला. कान लावला. मग बराच वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं, काहीतरी मोठा आजार सापडला.

"हे जनावर जन्मलंच नाही," ते म्हणाले.

व्यापारी म्हणाला की असं कसं, शोरूमवाल्याने लेदर सांगितलं. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून, एखाद्या घरी दुःखाची बातमी सांगावी तसं म्हणाले, "भाऊ, याले माय नाही. याले काय खाऊ घालशीन? वल्ल्या फडक्यानं पुसजो, अन् सुखानं नांदू दे."

आतल्या खोलीतून काकूंचं हसू ऐकू आलं. व्यापारी रागावून गेला. पण नंतर तोच चार लोकांना हे सांगत फिरला, असं कानावर आलं.

मला ते फार कडक वाटायचे. याडी मला भेटायला पहिल्यांदा आली तेव्हा मी धास्तावले होते. काकांनी तिला बस स्टँडवरून गाडीत आणलं. याडीने केसांना भरपूर तेल लावलं होतं. ती गाडीत आधी बसायलाच तयार नव्हती, मग बसली आणि दमून मान मागे टेकली. उतरली तेव्हा सीटच्या वरच्या बाजूला तेलाचा काळपट गोल उमटला होता. तो पाहून मी रडकुंडीला आले. याडीने पदर ओला करून पुसायला हात पुढे केला, तसा काकांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"पानी नको, माय. राहू द्या. रोगी आला नाही तं डॉक्टर काय करीन?"

मग त्यांनी काकूंच्या टाल्कम पावडरचा डबा आणून तो डाग पांढरा झाकून टाकला. सकाळी पावडर झटकली तेव्हा तिने तेल ओढून घेतलेलं होतं. राहिलेल्या सावलीवर त्यांनी आणखी एकदा पावडर टाकली. मला तो जादूचा प्रकार वाटला होता. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूवर डाग पडला आणि या माणसाला राग आला नाही, उलट उत्साह आला. याडी परत जाताना मला म्हणाली की इथे राहा, माणूस बरा आहे.

आता काकूंबद्दल. मी राहायला गेले त्याआधीच त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण बंद झाली नव्हती. शब्द उशिरा यायचे आणि बहुतेक वेळा टोमणा घेऊनच यायचे. काका त्यांची कूस बदलत, पाठ पुसत, पावडर लावत, टाचा उचलून बघत. हे सगळं ते ज्या गांभीर्याने करायचे त्यावर काकू म्हणायच्या, "मले म्हैस समजते हा मानूस. उद्या शिंगाले रंग लावीन."

काकांची खरी भीती एकच होती. बसून, झोपून काकूंच्या पाठीला जखम होईल ही. त्यांनी आयुष्यभर अशा जखमा पाहिल्या होत्या, खाली बसलेल्या आणि न उठलेल्या जनावरांच्या. तिथून पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं. म्हणून काकूंचे गाऊन ते उलटे घालायचे, आतली बाजू बाहेर, म्हणजे शिवणी अंगाला लागणार नाहीत. शेजारच्या बायका पाहायला आल्या की हसू दाबायच्या. काकू स्वतःच सांगायच्या की म्हातारपणी फॅशन बदलली आहे.

रोज संध्याकाळी ते त्यांना उचलून पुढच्या डाव्या सीटवर बसवायचे आणि गावाबाहेर थोडं फिरवून आणायचे. चादर किंवा उशी ते खाली घालू देत नसत. कापड गोळा होतं आणि त्याची सुरकुती नाजूक कातडीला कापते, म्हणायचे. चांगलं राखलेलं चामडं गोळा होत नाही. मी मागच्या सीटवर बसायचे. काकू शेतांकडे बघत आणि कुणाच्या कापसाची पऱ्हाटी किती वाढली यावर मत देत. बस एवढंच. पण दिवसातला तेवढा वेळ त्या आजारी वाटत नसत.

दिवाळी झाली आणि मुकुटबनहून फोन आला. काकूंच्या मोठ्या बहिणीचा, अक्कांचा, पडून खुबा मोडला होता. त्यांना आता उठता येणार नव्हतं. दोघी बहिणी फोनवर बोलल्या. म्हणजे अक्का बोलल्या आणि काकू ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर काकूंनी एकच वाक्य म्हटलं, की मला अक्काकडे ने.

दारव्ह्याहून मुकुटबन म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून जवळपास दुसरं टोक. यवतमाळच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. एवढा वेळ बसवलंत तर कातडी फाटेल, आणि या वयात, रक्तात एवढी साखर असताना ती जखम भरणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुण्याहून काका-काकूंच्या मुलानेही फोन करून तेच सांगितलं. तो चिडला नव्हता, घाबरला होता. व्हिडिओ कॉलवर दोघी बहिणींना बोलायला लावतो, म्हणाला. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ते बरोबर बोलत आहेत, असंही म्हणाले. मग आत जाऊन काकूंना डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला. मी दारात होते. जखम झाली तर काय होईल हेही त्यांनी लपवलं नाही.

काकू म्हणाल्या, "आनि नाही गेलो तं काय होईन, ते सांगतलं का त्यायनं?"

दुसऱ्या दिवशी काकांनी रिठे भिजत घातले.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. 'ती' सीट त्यांनी पूर्ण उघडली. आतला काथ्या आणि फोम बसला होता, तो चाचांना घरी बोलावून बदलून घेतला. मधोमध एक शिवण आडवी जात होती, ती उसवून बाजूला सरकवायला लावली. चाचा म्हणाले की डॉक्टरसाब, इतकी बारकाई तर नवरदेवाच्या शेरवानीत पण कुणी करत नाही. मग चामड्याला मेण. थोडंथोडं, रोज. चामडं असं मऊ झालं की पालथा हात टेकवला तर कुणाच्या तरी गालाला टेकवल्यासारखं वाटायचं. आणि चमक अशी की पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ तिच्यावर थरथरायची. अंगणातून जाणारे लोक थांबून बघायचे. काका काही बोलत नसत, पण दार जरा जास्त वेळ उघडं ठेवायचे.

निघण्याआधी चाचणी म्हणून आम्ही यवतमाळच्या रस्त्याने थोडं पुढे गेलो. गावाबाहेरच्या गतिरोधकावर काकांनी ब्रेक लावला आणि काकू सीटवरून पुढे घसरल्या. पडल्या नाहीत, मी मागून दोन्ही हातांनी खांदे धरले. पण घसरल्या. काकांनी गाडी बाजूला लावली.

"लोनी लावून ठेवलं," काकू म्हणाल्या. "घसरगुंडी केली माह्यासाठी."

काका हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला समजावलं. मला वाटतं, ते स्वतःलाच समजावत होते. कातडी दाबाने फाटते त्यापेक्षा जास्त घसरण्याने फाटते. वरची कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस पुढे जातं. बैलाच्या खांद्यावर जू घसरतं तेव्हा हेच होतं. हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, कितीतरी शेतकऱ्यांना त्यांनी हे सांगितलं होतं. आणि तरी त्यांनी 'ती' सीट काचेसारखी गुळगुळीत केली होती.

"चमक पाह्यनाऱ्यासाठी असते," ते म्हणाले. "बसनाऱ्याले तिचा काय उपेग?"

मग त्यांनी ती चमक काढली. रिठ्याचा फेस घेऊन, पुन्हा टिपून, पुन्हा फेस घेऊन. मेण वरून गेलं, आत मुरलेलं राहिलं. शेवटी जाड्याभरड्या कोरड्या कापडाने ते दुपारभर चोळत बसले. संध्याकाळी सीट मऊच होती, पण तिचा रंग मातकट झाला होता, पाऊस येऊन गेलेल्या बांधासारखा. पालथा हात फिरवला तर जरासा अडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून जाणारा तो सोयाबीनचा व्यापारी थांबला आणि म्हणाला, "काय डॉक्टर, रोगी दगावला वाटते." काका हव म्हणाले आणि काम करत राहिले. ज्या गोष्टीसाठी गाव त्यांना ओळखत होतं ती त्यांनी हाताने पुसून टाकली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. मी माणसांना मोठं म्हणताना पूर्वी मार्क, नोकरी, घर बघायचे. त्या सकाळी माझ्या मनात काहीतरी बदललं. ते अजून मला नीट मांडता येत नाही.

पुढच्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता निघालो. काकूंच्या गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी, पायांखाली पाट. थांबे काका आधीच मोटारसायकलने जाऊन ठरवून आले होते, सावली आणि सपाट जागा बघून. प्रत्येक थांब्यावर ते उतरायचे, फिरून डाव्या बाजूला यायचे, दार उघडून वाकायचे आणि दोन्ही हात काकूंच्या काखेत घालून त्यांना सीटपासून उचलून धरायचे. तेवढ्यात मी खालून हात सरकवून बघायचे, कुठे ओल आहे का, कुठे जास्त गरम लागतं का. वारा लागू द्यायचा आणि पुन्हा बसवायचं. काका सत्तरी ओलांडलेले होते. तरी काकूंना खाली ठेवताना सीटचा आवाजसुद्धा यायचा नाही.

यवतमाळ मागे पडलं. पांढरकवड्यानंतर झरीकडच्या रस्त्याला लागलो तशी दोन्ही बाजूंना सागाची झाडं आली आणि काकू बोलायच्या थांबल्या. त्यांचं माहेर याच भागातलं होतं. पुढे ट्रकांनी उखडलेला भाग आला. काका गाडी इतक्या हळू चालवत होते की मागून सायकलवाले पुढे जात होते. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं की आत काय अंडी आहेत का.

"हव," काकू म्हणाल्या. "फुटतीन."

मुकुटबनला पोहोचलो तेव्हा अक्कांची सून दारात उभी होती. काकूंना उचलून आत नेलं आणि अक्कांच्या खाटेशेजारच्या खाटेवर कुशीवर निजवलं. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत होत्या, पण अजून कुणी बोलत नव्हतं, कारण काका दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. ते मला म्हणाले, "तू पाह्य. माह्यानं पाह्यनं होत नाही." आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सुनेने दार लोटलं. आम्ही दोघींनी पाहिलं. माकडहाडाच्या जागी पैशाएवढा लाल गोल होता. रस्त्यात काकांनी सांगितलं होतं की लाल दिसलं तर बोट दाबायचं. बोट काढल्यावर जागा पांढरी पडली आणि मग रक्त परत आलं तर भीती नाही. दाबूनही लालच राहिली तर आत जखम सुरू झाली. मी बोट ठेवलं, दाबलं आणि काढलं.

मी बाहेर गेले. काका वळले नाहीत.

"दाबून पाह्यलं?"

"हो."

"पांढरं झालं?"

"झालं, काका. अन् मंग लाल आलं परत."

ते खाली बसले, तिथेच, अंगणातल्या मातीत, आणि त्यांनी पाणी मागितलं. ते सीटमुळे झालं की थांब्यांमुळे की नुसत्या नशिबाने, हे मला आजही सांगता येणार नाही. यवतमाळचे डॉक्टर चूक होते असंही मी म्हणणार नाही. काका स्वतः म्हणाले नाहीत.

आत दोघी बहिणींचा आवाज सुरू झाला होता. अक्का म्हणत होत्या की गाऊन उलटा कोणी घातला, नवऱ्याला एवढंही समजत नाही का. काकू हसत होत्या, अडखळत, पण कितीतरी वेळ. मी काकूंना असं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी जेवणं झाली आणि काका सकाळच्या परतीच्या प्रवासाचं बोलायला लागले, कुठे थांबायचं, ऊन कधी लागेल. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी उजवा हात अक्कांच्या खाटेकडे केला.

"डॉक्टर, मी इथंच राह्यतो."

काकांनी विचारलं, किती दिवस. काकू म्हणाल्या, पाहू. काकांनी अक्कांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला इथे पोहोचवता येईल की नाही, एवढाच विचार त्यांनी इतके दिवस केला होता. ती पोहोचली तर काय, याचा केलाच नव्हता. मग ते उठले आणि सुनेला कूस कशी बदलायची, पावडर कुठे लावायची, बोट कसं दाबायचं हे दाखवायला लागले. फार वेळ दाखवत होते. अक्का म्हणाल्या की आता पुरे, हिला लहानपणी आम्हीच वाढवली आहे.

सकाळी आम्ही दोघंच निघालो. मी सवयीने मागे बसले. येतानाचा शेवटचा थांबा एका चिंचेखाली होता, जाताना तो पहिला आला. गाडी हळू झाली आणि सावलीत उभी राहिली. मला वाटलं, त्यांना पाणी हवं असेल. ते उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, दार उघडलं, वाकले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मी मागच्या सीटवर हलले नाही.

ते तसेच वाकलेले राहिले. मग हात हळूच खाली आणले आणि सीटवर टेकवले, पालथे. "दबली आहे अजून," ते म्हणाले. "उठीन हळूहळू." त्यांनी दार लावलं आणि परत येऊन गाडी सुरू केली.

पुढचा थांबा आला तेव्हा गाडी पुन्हा हळू झाली. या वेळी त्यांच्याआधी मी उतरले आणि पुढचं डावं दार मीच उघडलं. वारा लागावा म्हणून आम्ही ते थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. दारव्ह्यापर्यंत आम्ही एकही थांबा सोडला नाही.